आदर्श कन्या

दिवाळीनंतर लग्न करणार असल्याचं वैदेही साठेने जुलैत घरी सांगितलं. तिचं वय त्रेचाळीस. अनिमेष देशकर बँकेत अधिकारी होता आणि त्याची नागपूरला बदली झाली होती. "तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघतो," तो म्हणाला होता, आणि तिने हो म्हटलं होतं.

प्रश्न आईचा होता. आनंदीबाई काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहत. गुडघे निकामी झाले होते. वडील गेल्यापासून त्यांचं सगळं वैदेहीच करत होती.

"आता आईला तू ने," तिने पुण्याला धाकट्या भावाला, केयूरला, फोन केला. "तुझ्याकडे लिफ्ट आहे."

"ताई, काशी सोडून ती जगेल का?"

"जगेल. लोक जगतात."

केयूरने वाद घातला नाही. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून त्याने गणेशोत्सवातल्या 'आदर्श कन्या' सत्कारासाठी बहिणीचं नाव सुचवलं. शाल पुण्याहून आणतो, म्हणाला.

वैदेही शाळेत हिंदी शिकवायची. त्या आठवड्यात तिने आठवीला 'आदर्श मानना' याचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. मुलींनी वडील, सैनिक, गुरुजी अशी ठरलेली वाक्यं दिली. मागच्या बाकावरची एक उठली. "हम उसी को आदर्श मानते हैं, जिसकी जगह हमें ख़ुद न लेनी पड़े।" वर्ग हसला. वैदेहीने तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

डॉक्टरकडे जायला जिना उतरवत नाही म्हणणाऱ्या आनंदीबाई सत्काराच्या दिवशी सकाळपासून रेशमी लुगडं नेसून बसल्या होत्या. चौघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं.

सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षांनी वैदेहीला शाल पांघरवली, हातात नारळ दिला. मग माइक आनंदीबाईंकडे गेला.

"ही माझी मुलगी नव्हे, माय आहे," त्या म्हणाल्या. "मला टाकून ही स्वर्गातसुद्धा जायची नाही. विचारा तिला."

"बोल ना ताई!" पहिल्या रांगेतून मोबाईल धरून केयूर ओरडला.

वैदेहीने माइक घेतला. "दिवाळीनंतर माझं लग्न आहे. मी नागपूरला जाणार आहे."

आनंदीबाई हसल्या.

"पाहिलंत? मी रडू नये म्हणून थट्टा करते. लहानपणापासून अशीच आहे!"

टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबायची वाट पाहत वैदेही माइक धरून उभी राहिली. अध्यक्षांनी तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि अल्पोपाहाराची घोषणा केली.

अभिनंदनाला रांग लागली. बायका तिचे हात डोळ्यांना लावत होत्या. "आमच्या मुलींना सांगते तुझं," एक म्हणाली, आणि आपली मुलगी कुठे दिली तेही सांगून गेली.

रांगेत शेवटी अनिमेष होता. त्याचे डोळे ओले होते.

"बरं झालं आलास," वैदेही म्हणाली. "चल. आत्ताच जाऊ."

तो वाकला. त्याने तिच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"तुम्हाला इथून नेणारा मी कोण?" तो म्हणाला.

"अनिमेष, ऊठ."

"देशकरसाहेब," केयूर मोबाईल सावरत म्हणाला, "परत एकदा करा ना. मधे कुणाचं तरी डोकं आलं."

अनिमेष पुन्हा वाकला.