कळकवाडीची हद्द

घोटावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला कळकवाडी आहे. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत हवी, या एका मागणीसाठी कोंडाजीनं बावीस वर्षं घातली. वाडी ज्याच्या पंचायतीत होती ते मूळ गाव मोठं, मतं त्यांची जास्त. सरपंच कायम त्यांचा, आणि वाडीचं पाणी कायम पुढच्या वर्षावर. कोंडाजीनं पंचायतीला कुलूप ठोकलं, रस्ता अडवला, दोनदा येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आला. "मागून मिळत न्हाई, घ्यावं लागतंय," हे त्याचं बोलणं वाडीला पाठ होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या मोर्चात दगडफेक झाली. कोंडाजीची धाकटी बहीण सगुणाबाई. तिचा एकुलता एक मुलगा भैरू डोक्यात दगड लागून गेला. मामानं बोलावलं म्हणून हिंजवडीतली ड्युटी बुडवून आला होता. त्याच दिवशी मूळ गावचे पुढारी विठ्ठलराव यांच्या पुतण्याचा डोळा गेला.

त्यानंतर कोंडाजी भाषणाला उभा राहायचा आणि तसाच खाली बसायचा. दोन वर्षांनी तो एकटाच विठ्ठलरावांच्या ओसरीवर गेला. पहिल्या दिवशी कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तो परत गेला, आणि जात राहिला. दोघांनी आपापल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या. पौडला बैठका झाल्या, नकाशे पसरले गेले, आणि चौथ्या वर्षी जमलं. कळकवाडीला वेगळी पंचायत मिळणार होती. पण कारखान्यांचा कर मूळ गावाला सोडायचा नव्हता; म्हणून ते ज्या शिवारात उभे होते, त्या खडकवस्तीची एकोणीस घरं मूळ गावातच राहणार होती.

सगुणाबाईचं घर खडकवस्तीत होतं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत कोंडाजी तिच्याकडे गेला. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे ज्या पंचायतीपायी भैरू गेला, तिच्यात त्याचंच घर न्हाई," ती म्हणाली.

"आत्ता एवढंच मिळतंय, सगुणा. न्हाई म्हणलं तर अजून कुणाचातरी भैरू जाईल."

"माझा गेला तवा हे न्हाई सुचलं तुला."

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"जा दादा," ती म्हणाली. "परत येऊ नगंस."

त्यानं तडजोडीवर सही केली. नव्या पंचायतीची पाटी लागली त्या दिवशी जयसिंग आला नाही. दोन्ही वेळा तुरुंगात तो कोंडाजीच्या शेजारी झोपला होता. आठवड्याभरात कोंडाजीच्या भिंतीवर कुणीतरी 'गद्दार' लिहिलं. त्यानं चुना मारला. पुन्हा लिहिलं गेलं, तेव्हा त्यानं तसंच राहू दिलं. पहिल्या निवडणुकीत त्याला अकरा मतं पडली आणि जयसिंग सरपंच झाला.

यंदा जयसिंगनं खडकवस्ती वाडीच्या पंचायतीत आणण्यासाठी मोर्चा जाहीर केला. कोंडाजी त्याच्या दारात गेला.

"तू पोरांना दगड देऊ नगंस, जयसिंग. मी दिले व्हते. काय झालं ते तू बघितलंस."

"मागून मिळत न्हाई," जयसिंग शांतपणे म्हणाला. "तुमीच शिकवलं आमाला. तुमी इसरला, आमी न्हाई."

मोर्चा निघाला तेव्हा सगळ्यात पुढे सगुणाबाई होती, भैरूचा फोटो छातीशी धरून. रस्त्याकडेला उभ्या भावाकडे तिनं पाहिलं नाही. कोंडाजी शेतातून वळसा घालून मूळ गावात पोचला आणि विठ्ठलरावांच्या ओसरीवर जाऊन बसला.

दुपारी फोन वाजला. विठ्ठलरावांनी नुसतं ऐकून घेतलं.

"चालू झालं," ते म्हणाले. "आमच्यातला एक जण पडलाय. उचलून पिरंगुटच्या दवाखान्यात नेला, पण त्याच्यात जीव न्हाई म्हणत्यात."

"आणि आमच्यातलं?"

"ठावं न्हाई." विठ्ठलराव उठून दाराशी गेले, बाहेर बघून परत आले. "कोंडाजी, तू जा आता. माझी पोरं घरला येतील. तुला हितं बघितलं, तर मला मधी पडून तुला वाचवता यायचं न्हाई."

कोंडाजीनं मागच्या दारानं जावं असं त्यांनी सुचवलं. तो तिथूनच बाहेर पडला. बांधावर आल्यावर कुठल्या बाजूला जावं हे त्याला कळेना. वाडीवर जावं तर तिथं त्याचं कुणी नव्हतं, आणि खडकवस्तीवर तर बहिणीनंच येऊ नको म्हटलं होतं. रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू येत होता. तो बांधावरच बसून राहिला.