मुशीचं तेल

तार आली तेव्हा दुमिंग उत्तनच्या बाजारात आपल्या मोटारसायकलचं तेल तपासत होता. तपासत होता म्हणजे टाकीत काडी बुडवून भोवतीच्या चार माणसांना दाखवत होता. पोस्टमननं तार पुढं केली. दुमिंगला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चारचौघांत ते कळू नये म्हणून त्यानं भुवया आवळून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "बरं, बरं."

"काय बरं?" पोस्टमन म्हणाला. "अहो, तुमची बायको गेली. मुंबईच्या इस्पितळात, आज पहाटे."

तारेवर दुमिंगच्या बोटांचे काळे डाग पडले होते. ती तार त्यानं कुणाला दाखवली नाही.

आयडाला दुसऱ्या दिवशी सकाळीच माती दिली. तिची म्हातारी आई दहा मैलांवरच्या काशी गावात राहायची. पाय सुजलेले, त्यात निरोप उशिरा पोचला. तिला लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही. आठवड्यानं दुमिंग भेटायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जावय, मला तिची कबर तरी दाखव."

"महिन्याच्या मिस्सेला, तिच्या प्रार्थनेला नेतो माय. मोटारीवरनं. राणीसारखी."

शेजारच्या रॉकनं आपली बैलगाडी देऊ केली होती. "सकाळी निघालो तर म्हातारीला सावकाश आणू," तो म्हणाला. दुमिंगला हसू आलं. घरी इंजिन असताना बैलाच्या शेपटीमागं कोण बसणार?

आता खरं सांगायचं तर त्या इंजिनाबद्दल दुमिंगला काडीपुरतीच माहिती होती. मोटारसायकल विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. आयडा त्याच्याकडे आया होती, आणि त्याच्या ड्रायव्हरचं काम बघून बघून ती सगळं शिकली होती. दर शनिवारी मागच्या अंगणात ती तेल बघायची, बदलायची, हात राखेनं घासायची. रविवारी दुमिंग बाजारात काडी बुडवायचा.

मिस्सेच्या दिवशी त्यानं पांढरी पाटलोण घातली, दंडाला काळी पट्टी बांधली, मागच्या सीटवर सासूसाठी उशी बांधली आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी कोरडी. महिनाभर गाडी हलली नव्हती. लढाईमुळे इंजिनाचं तेल कुठं मिळत नव्हतं. पडवीत मात्र मुशी माशाच्या तेलाचा डबा होता, ते तेल होडीच्या लाकडाला लावायचं. होडी खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकते, तर इंजिन दहा मैल टिकणार नाही? दुमिंगनं टाकी काठोकाठ भरली. स्वतःच्या अकलेचं त्याला फार कौतुक वाटलं.

ते कौतुक चौथ्या किकपर्यंत टिकलं.

त्या गाडीचं तेल उभ्या उभ्या टाकीतून खाली इंजिनात उतरायचं. गाडी चालू केली की ते परत वर यायचं. म्हणून आधी चालू करायची आणि मगच टाकीत बघायचं. आयडा दर शनिवारी तेच करायची. दुमिंग तेव्हा झोपलेला असायचा.

इंजिन सुरू झालं, खालचं सगळं तेल वर आलं, आणि वर आधीच मुशीचं तेल काठोकाठ होतं. झाकण उडालं. पाटलोण, काळी पट्टी, उशी, सगळं न्हालं. मागून पांढरा धूर निघाला आणि तळलेल्या मुशीचा वास गावभर गेला. एक धक्का बसून इंजिन अडकलं. मग किक पायाखाली हलेना.

"दुमिंग," रॉक कुंपणावरून म्हणाला, "मोटार हाय का कालवण?"

"तुझी गाडी जोड, रॉक."

"आता? मिस्सेला अर्धा तास न्हाय राहिला!"

देवळात दुमिंगच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. दारात तीन मांजरं होती. पाद्रीबाबांनी आयडाचं नाव घेतलं आणि ते मध्येच खोकले. आयडा असती तर पदरात तोंड लपवून हसली असती, हे मनात आलं आणि दुमिंगला पुढची मिस्सा ऐकू आली नाही.

मग तो चालत काशीला गेला. म्हातारी चांगलं लुगडं नेसून सकाळपासून उंबऱ्यावर बसली होती.

"गाडी कुठं हाय?"

"बिघडली माय. मीच बिघडवली. तेलाचं मला काय बी कळत न्हाय. सगळं आयडा बघायची."

"ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. म्हनायची, बाजारात बोलतोय तर बोलू दे, माझं काय जातंय." म्हातारीनं त्याच्या पाटलोणीकडं पाहिलं. "बस. जेवून जा. पन बाहेर बस."

तो बाहेर बसून जेवला.

त्याला आता चार महिने झाले. इंजिन अडकलेलंच आहे, आतलं तेल कुणी काढलेलं नाही. रॉकचा एक बैल लंगडतोय. म्हातारीला कबर दाखवायची राहिली आहे.