वजनदार नागरिकांसाठी सूचना

पालिकेच्या दवाखान्यामागचा हॉल डॉक्टर उत्कर्षाला फार खटपटीने मिळाला होता. सदाशिव पेठेतल्या लठ्ठ माणसांनी तिथे सकाळी येऊन व्यायाम करावा, अशी योजना. माणसं जमली नाहीत, तर सोमवारपासून हॉलमध्ये जप्त केलेल्या वडापावच्या गाड्या ठेवायच्या, असंही वरून ठरलं होतं.

सूचनेत उत्कर्षाने सरळ 'लठ्ठ नागरिकांनी' असं लिहिलं. कारकून श्रीनिवास सभ्य माणूस. पेठेत कुणाला लठ्ठ म्हटलं तर तो बारीक होत नाही, तक्रार करतो, हे त्याला ठाऊक. त्याने न विचारता शब्द बदलला. फळ्यावर लागलं : 'परिसरातील वजनदार नागरिकांनी शनिवारी सकाळी उपस्थित राहावे.'

शनिवारी हॉल भरला. माजी नगरसेवक आले, सोसायट्यांचे अध्यक्ष आले, गणेश मंडळाचे आधारस्तंभ आले. पहिल्या खुर्चीत रावसाहेब, निवृत्त उपअभियंता. वारा सुटला की घरचे त्यांना पुलावरून जाऊ देत नाहीत म्हणे. बाकीचेही त्याच अंगकाठीचे. ज्यांना बोलावलं होतं ते समोर मिसळ खात होते. सूचना त्यांनीही वाचली होती, पण आपण कुठले एवढे मोठे, असं म्हणून पुढे गेले होते.

उत्कर्षाने झालेली चूक सांगितली. तरी कुणी उठेना. उठणं म्हणजे आपल्याला वजन नाही हे चारचौघांत कबूल करणं. शेवटी मान राखायला रावसाहेब काट्यावर चढले. काट्याने फारशी दखल घेतली नाही.

"आपलं वजन कमी आहे," उत्कर्षा म्हणाली.

"हळू बोला. मागे अध्यक्ष बसलेत."

"सोमवारी हॉल जाणार, रावसाहेब. वजन असेल तर आता वापरा."

रावसाहेब रस्ता ओलांडून मिसळीच्या दुकानात गेले. व्यायामाचं नावही त्यांनी काढलं नाही. उद्या पेठेतले वजनदार लोक दवाखान्यात जमताहेत, आपण नसलात तर बरं दिसणार नाही, असं टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं. चष्म्याचे दुकानदार अमीनभाई पोटावरचं बटण सावरत म्हणाले, आम्हालाही बोलावलंय?

"आपल्याशिवाय भरायचा कसा हॉल?" रावसाहेब छताकडे पाहत म्हणाले.

रविवारी चटया कमी पडल्या. व्यायाम करायचा आहे हे कळल्यावर अमीनभाईंनी रावसाहेबांना गाठलं.

"फसवलंत तुम्ही."

"आपण वजनदार नाही का?"

अमीनभाईंनी विचार केला आणि चटईवर बसले. वडापावच्या गाड्यांसाठी पालिका दुसरी जागा शोधते आहे.

आता पेठेतले बरेच जण वजनाने उतरले आहेत. अमीनभाईंच्या पत्नी अख्तरबानू मात्र सवयीने गुलाबजामचा डबा देतातच. अमीनभाईंना बंदी, आणि डबा भरलेला परत नेला तर घरी प्रश्न. तो रावसाहेब संपवतात. योजनेत वजन वाढलेले ते एकटेच. हल्ली ते काट्यावर आपणहून चढतात आणि आकडा जरा मोठ्याने वाचा म्हणतात.