तांब्याची वेटोळी आणि टँकरचे पाणी

मित्रांनो, बेकरीमागच्या ताडपत्रीच्या छपराखाली बसलेले, पाणी गार करणारे जुने यंत्र म्हणजे मी. सांता एलेनाच्या या उष्ण किनाऱ्यावर साध्या पाण्याने मैदा मळला, तर तो मळतानाच तापतो आणि भलताच फुगतो. म्हणून एकवीस वर्षे इथला मैदा माझ्या पाण्याने मळला गेला.

माझ्या पोटात तांब्याच्या नळीची वेटोळी आहेत. ती उघड्या टाकीत बुडलेली असतात. नळीतून गारवा फिरतो आणि भोवतीचे पाणी सावकाश थंड होते. इथे पाणी येते टँकरचे, गढूळ. त्याचा गाळ वेटोळ्यांवर बसतो. मालक लिबोरिओ दर सोमवारी टाकी रिकामी करून, बाह्या सारून, जुन्या सदऱ्याच्या चिंधीने मला पुसत.

मार्चमध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी एउदोसिया यांच्या भाच्याने, विल्फ्रिदोने, नवे यंत्र आणले. त्यात पातळ पत्रे अगदी जवळजवळ उभे असतात आणि मधल्या फटींतून पाणी धावते. जागा थोडी, गारवा झटपट. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या.

नोव्हेंबरात इथे घरोघरी आपापल्या मृतांसाठी टेबल मांडतात आणि त्यावर त्यांच्या नावाने माणसाच्या आकाराचे पाव ठेवतात. लिबोरिओंचे हे पहिलेच टेबल. आदल्या सकाळी नवे यंत्र बंद पडले. साध्या पाण्याने मळलेल्या पहिल्या पावाचे हातपाय फुगून एक झाले.

"हा तुझा काका आहे की बेडूक?" एउदोसिया म्हणाल्या. "यंत्राची गाळणी कुठाय?"

"काढली, मावशी. सारखी तुंबायची."

"म्हणून यंत्रच तुंबवलंस! शहाणाच आहेस."

फटींत गाळ अडकला होता. थांबलेले पाणी गोठून पत्रा चिरला होता.

"साफ कर की मग."

"कसं करू? आत बोटसुद्धा जात नाही. आणि पत्राच फुटलाय."

एउदोसियांनी कोंबड्या हुसकल्या. माझी टाकी रिकामी करून खांद्यापर्यंत हात आत घातला. शेवटच्या वेटोळ्यामागे लिबोरिओंची चिंधी अडकलेली होती. ती पिळून त्या तिनेच मला पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या पावाला दोन हात होते, दोन पाय होते.

मित्रांनो, नवे यंत्र वाईट नव्हते. त्याला गाळणी हवी होती, मला हात. कोणाला काय लागते, तेवढे विचारून ठेवा. ती चिंधी आता माझ्या टाकीच्या काठावर वाळत असते. दर सोमवारी ओली होते.