उलटा टांगलेला सहा

मित्रांनो, नागपूरच्या एका मैदानावर धावणाऱ्यांना ‘अजून किती फेऱ्या राहिल्या’ हे सांगण्यात माझा जन्म गेला. मी फेऱ्यांची पाटी. हिंगण्याच्या कारखान्यातल्या मार्तंडरावांनी सुट्टीच्या दिवशी उरलेल्या लोखंडी पट्ट्या जोडून मला उभे केले. आकड्यांसाठी पत्रे कापले. पत्रा कमी पडला, म्हणून इंग्रजी सहा आणि नऊ यांना एकच पत्रा. उलटा टांगला की नऊ.

शोभाताई तेव्हा शाळेत खेळाच्या बाई होत्या. दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या त्या माझ्याशेजारी उभ्या राहून मोजत. धापा टाकणारी मुले वळणावरून आधी मला शोधत. केवढा मान होता तो!

मग विजेवरची पाटी आली आणि मी सामानाच्या खोलीत, अडथळ्यांच्या ढिगामागे गेले. तिथेही बरे होते. चिमण्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात निवड स्पर्धेच्या सकाळीच ती विजेवरची पाटी बंद पडली. मला पुसून बाहेर आणले. सोबत शोभाताईही आल्या, आता केस पांढरे झालेल्या. पहिली येणाऱ्या एकाच मुलीला राज्य स्पर्धेला जायला मिळणार होते. नरखेडची मोनाली सर्वांच्या पुढे होती. सहा फेऱ्या उरल्या की वेग वाढवायचा, असे तिने ठरवले होते.

सात झाले. शोभाताईंनी पुढचा पत्रा टांगला, पण फिरवायला विसरल्या. मोनालीसमोर नऊ आला. दमलेल्या तिला मागचा सात आठवलाच नाही; तिचे खांदेच पडले. मागची मुलगी तिला ओलांडून गेली.

शोभाताईंच्या ध्यानात आले. पत्रा हातात घेऊन त्या मैदान आडवे कापत पलीकडे धावल्या.

“नऊ नाही वं, सहा हाय! मीच उलटा लावला. पाय उचल!”

मोनालीने पाय उचलले. शेवटच्या वळणावर तिने त्या मुलीला गाठले आणि दोन पावलांनी जिंकली.

“बाई, तुमच्यापायी मले तीन फेऱ्या जास्तीच्या पडल्या असत्या,” ती धापा टाकत म्हणाली.

“मीबी धावलीच नं तुझ्यासंगं. मग मले काहून नाही मेडल?”

हसणे ओसरल्यावर मोनालीने पिशवीतून लाल नेलपॉलिश काढले आणि सहाच्या खाली एक जाड रेघ ओढली.

मित्रांनो, जुन्या वस्तूची खोड कळली की तिला टाकू नका. पुढच्यासाठी खूण करून ठेवा. मला पुन्हा खोलीत ठेवलेत तरी तक्रार नाही. फक्त धूळ पुसताना ती रेघ जपा. कुणीतरी धापा टाकत येईल आणि तिच्यावर विश्वास ठेवून पाय उचलेल.