पुट्टीखालची भेग

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. खरे तर हेल्मेट म्हणवून घ्यायची माझी लायकी आता राहिली नाही. माझे दोन तुकडे तारेने बांधून एका गॅरेजच्या भिंतीवर टांगले आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात थर्माकोलसारखा पांढरा फोम भरला, तोच माझा जीव. वरचे कवच म्हणजे त्यावरचे पातळ साल. मार बसला की फोमने चिरडून जायचे आणि डोके वाचवायचे, एवढे एकच काम आम्हाला येते, तेही एकदाच. 'आपटल्यावर पुन्हा वापरू नये' अशी चिठ्ठीही माझ्या आत चिकटवली होती. घामाने ती पुसून गेली. पुसायच्या आधी तरी कुणी वाचली म्हणा!

मी ज्या घरी आलो तिथे बाबा गाड्यांना रंग मारायचे आणि थोरली लेक सायकलच्या शर्यतीत उतरायची. दोन वर्षे मी तिच्या डोक्यावर मिरवलो. एका उतारावर खडीवरून तिचे चाक घसरले आणि डोके थेट दगडाच्या कडेवर आले. तो घाव मी झेलला. ती कोपर झटकत उभी राहिली.

"याने माझं लेकरू वाचवलं गं!" म्हणत आईने माझ्यावरून हात फिरवला. मला कपाटावर, बक्षिसाच्या कपांमध्ये मानाची जागा मिळाली. मित्रांनो, मी खुळा, फुलून गेलो. आत फोमला बोटभर भेग पडली होती. त्याच दिवशी मला कचऱ्यात टाकायला हवे होते.

पुढे थोरली नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची सायकल धाकटीकडे आली. बाबा नवे हेल्मेट आणायला निघाले, तर ही दारात आडवी.

"मला ताईचंच हवं. ते लकी आहे!"

"अगं, चरे पडलेत त्याला."

"मग रंगवा ना. तुम्ही तर सगळ्यांच्या गाड्या नव्या करून देता."

बाबा विरघळले. "चेंबलेली गाडी अशी करून देतो की मालकाला ओळखू येत नाही. हे तर डाव्या हातचं काम," म्हणाले आणि बसले. चऱ्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली, वर लालभडक रंगाचे तीन हात दिले. त्या माणसाचे प्रेम आणि कसब दोन्ही खरे होते. मी आतून ओरडत होतो, पण हेल्मेटाला तोंड कुठे असते?

मैदानावर सायकलचा सराव घेणारे सर प्रत्येकाचे हेल्मेट तपासायचे. त्यांनी माझा पट्टा ओढून पाहिला, वरून टिचकी मारली.

"वा, नवंकोरं! शाबास."

धाकटी नुसती हसली. आतले अस्तर उचलून पाहावे असे कुणालाच वाटले नाही.

ती पडली तेव्हा शर्यतही नव्हती, उतारही नव्हता. सरावात पुढच्या सायकलला तिचे चाक घासले, बस. नव्या हेल्मेटाने हसत झेलले असते इतके साधे पडणे. मी मात्र करवंटीसारखा फुटलो.

ती वाचली. चालते, हसते, आईला वेणी घालू देते. पण आजचे तिला उद्या आठवत नाही.

परवा एक गिऱ्हाईक मुलाचे हेल्मेट घेऊन आले. "काका, जरा हात मारून द्या ना."

"आपटलंय का कधी?" बाबांनी विचारले.

"एकदाच."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तेही एकदाच आपटलं होतं. फेकून दे ते, आणि पोराला नवं घे."

मित्रांनो, इतर वस्तू तुमच्याकडे जपणूक मागतात. मी उलटे मागतो. ज्याने एकदा तुमचे डोके वाचवले, त्याला हवा तर नमस्कार करा, पण मोडून टाका. आम्हाला मानाची जागा देऊ नका.

रोज दुपारी धाकटी बाबांचा डबा घेऊन येते आणि माझ्यासमोर थांबते.

"बाबा, हे लाल हेल्मेट कुणाचं?"

बाबा रंगाची बंदूक खाली ठेवतात. "तुझं, बाळा."

"मग फुटलं कसं?"

बाबा तिला शेजारी बसवून पहिल्यापासून सगळे सांगतात. 'रंग मीच दिला होता' हे वाक्य ते एकदाही गाळत नाहीत. ती त्यांचे डोळे पुसते आणि घरी जाते. उद्या ती पुन्हा विचारील.