फ्रेंच बाई माहेरी जाते

नवीन पनवेलच्या चित्रपट मंडळात सिनेमा दाखवायची रीत जरा निराळी होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी लावायच्या, मुंबईहून आणलेली रिळं प्रोजेक्टरवर चढवायची आणि पडद्याशेजारी खुर्ची टाकून प्रभाकर टिपणिसांनी माइक हातात घ्यायचा. सिनेमा परदेशी, खालच्या ओळी इंग्रजी, आणि त्या अशा पळायच्या की हॉलमध्ये कोणालाच पत्ता लागत नसे. म्हणून टिपणीस संवाद मराठीत सांगत. आवाज भारदस्त होता आणि तो भारदस्त आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

त्यांची बायको सुनीता मागच्या रांगेत चहाच्या पातेल्याजवळ बसे. साठ कपांचा चहा दर महिन्याला तिच्या गळ्यात. ती पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, रोज इंग्रजीतली ढीगभर परिपत्रकं वाचत होती. पण मंडळात कधी तोंड उघडत नसे, त्यामुळे तिला इंग्रजी फारसं येत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नवरा मधूनमधून पदरचं घालतो हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. एका जपानी चोराला त्याने भर कोर्टात पश्चात्ताप करायला लावला होता, आणि एका इटालियन बाईच्या प्रियकराला तिचा मावसभाऊ करून टाकलं होतं. सुनीताला तेव्हा गंमत वाटायची. घरी जाऊन कधी बोलली मात्र नाही. गंमत वाटून गप्प बसायचं, हा तिचा जुना दोष.

त्या रविवारी तिच्या डोक्यात जबलपूर होतं. बढतीची परीक्षा ती पास झाली होती आणि ट्रेनिंग चार महिने जबलपूरला होतं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. एकदा लेखी नकार दिला की पाच वर्षं नाव यादीत येत नसे, आणि सुनीताला बेचाळिसावं लागलं होतं. प्रभाकर तीन आठवडे नुसता ‘बघू’ म्हणत होता. शेवटी तिने आपल्यापुरतं ठरवलं होतं की आज सिनेमा संपला की घरी जाऊन सांगायचं, मी जाते आहे. एवढं तीन शब्दांचं वाक्य, पण सकाळपासून कपबशा पुसताना ती ते घोकत होती.

सिनेमा फ्रेंच होता, तीस वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, म्हणे जगभर गाजलेला. एका नवराबायकोचा संसार. भांडण नाही, मारझोड नाही. तो पेपर वाचतो, ती खिडकीत उभी राहते. पुढची पोरं अर्ध्या तासात कंटाळून बाहेर खेळायला पळाली. सुनीता मात्र खुर्चीच्या टोकावर आली होती. शेवटी ती बाई बॅग भरते, कोट चढवते आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहते. खाली अक्षरं आली. सुनीताने ती स्वच्छ वाचली. मी परत येणार नाही. मला दुसरा कोणी भेटलेला नाही. मला इथे कंटाळा आला आहे, एवढंच.

टिपणिसांनी माइक तोंडाजवळ ओढला. मग गहिवरल्या आवाजात म्हणाले, “ती म्हणते, आईला बरं नाही, आठ दिवस जाऊन येते. डबा करून ठेवलाय.”

हॉलमध्ये दोन-चार नाकं ओढल्याचा आवाज झाला. सुनीताला या वेळी गंमत वाटली नाही. तिला संताप आला, आणि तो कोणासाठी आला हे तिला नीट कळेना.

चहानंतर प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे असा मंडळाचा शिरस्ता होता. विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगीत वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली रुचिरा म्हणाली की जाताजाताही ती डबा करून जाते, ते फार भिडलं. तिच्या नवऱ्याने, सत्यजीतने, मान डोलावली. एका बाईंना आईच्या आजाराचं आधी काही दाखवलं नाही हे खटकलं होतं, पण दिग्दर्शक मोठा असल्यामुळे त्यांनी ते सोडून दिलं. मग निवृत्त मुख्याध्यापक विनायकराव उठले. घर सोडवत नाही, बाई फ्रेंच असो की आपली, असं सांगून ते मागे वळले आणि म्हणाले, “आपल्या सुनीताताईंचंच बघा. घरासाठी बढतीवर पाणी सोडलं. परवा प्रभाकररावांनी सांगितलं, तेव्हा भरून आलं मला.”

टाळ्या पडल्या. साठ माणसं मागे वळून सुनीताकडे कौतुकाने बघत होती, आणि तिच्या हातात चहाचं गाळणं होतं.

“मी नाही म्हटलेलं नाही,” ती म्हणाली. सहा वर्षांत मंडळात ती पहिल्यांदा बोलत होती. “आणि त्या बाईची आई आजारी नाही. ती परत येणार नाही असं सांगते. कंटाळा आलाय म्हणते. खाली लिहिलं होतं.”

टिपणीस माइक ठेवून तिच्याजवळ आले. रागावले नव्हते. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, “तूच सही केलीस बुधवारी. शुक्रवारी तुझ्या ऑफिसात देऊन आलो.”

बुधवारी. विम्याचे कागद म्हणून चार पानं त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. सही कुठे करायची तिथे तो पेन्सिलीने फुली मारून देई, आणि लग्नापासून ती फुली दिसेल तिथे सही करत आली होती. एक कागद वाचला असेल तर शपथ. फ्रान्समधल्या बाईचं अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या सुनीताने स्वतःचा नकार वाचला नव्हता. तिला नवऱ्याची चीड आली, पण त्याहून जास्त स्वतःची आली. पाच वर्षं गेली, तीही तिच्याच सहीने.

तोवर टिपणीस पडद्याजवळ पोचले होते. त्यांनी माइक उचलला.

“सुनीता म्हणते आहे,” ते हॉलला सांगू लागले, “की निर्णय सोपा नव्हता. मन ओढ घेत होतं. पण घरचं पाहून तिने आनंदाने तो घेतला. आणि सिनेमाचं म्हणाल, तर शेवट तिला फार लागला. बाई परत येईल ना, या काळजीने ती व्याकूळ झाली आहे.”

ती मराठीत बोलली होती. समोरची साठच्या साठ माणसं मराठी होती. तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे नीट समजल्याचं समाधान पसरलं. विनायकरावांनी डोळे पुसले. कोणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. “मी असं म्हणाले नाही,” सुनीता म्हणाली, पण तेव्हा खुर्च्या सरकत होत्या आणि बायका तिचा हात हातात घेऊन खरंच मोठं मन तुमचं, असं म्हणून निघत होत्या. तिने दोघींना पुन्हा सांगून पाहिलं. दोघींनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती कप विसळायला मोरीवर गेली. नळ सोडला आणि पहिला कप त्याखाली धरला. मागून रुचिरा आली. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं.

“काकू, खरंच ती परत येत नाही?”

“नाही.”

“आणि कोणी दुसरा नव्हता? नुसताच कंटाळा?”

“नुसताच.”

रुचिराने वाहतं पाणी बघत तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. बाहेर सत्यजीतने स्कूटरचा हॉर्न वाजवला. ती दचकली आणि डोक्याला रुमाल बांधू लागली.

“काकू,” ती घाईघाईने म्हणाली, “मी विचारलं म्हणून यांना सांगू नका हं.”